ऑन-रोड काका

पुण्यात ज्या घरी नवी गाडी घ्यायची असते, तिथे आधी दोन माणसांना विचारलं जातं. एक गुरुजी आणि दुसरे ऑन-रोड काका. गुरुजी मुहूर्त काढून देतात, काका भाव पाडून देतात. गुरुजींना दक्षिणा द्यावी लागते. काकांना जाताना पुढची सीट आणि शोरूममध्ये पहिलं वाक्य बोलायचा मान मिळाला की पुरे.

हे काका कुणाचे सख्खे काका असतातच असं नाही. ते बी विंगमध्ये राहतात, साडूच्या शेजारी राहतात, नाहीतर सकाळी टेकडीवर भेटतात. बँकेतून निवृत्त झालेले असतात किंवा एखाद्या कारखान्याच्या परचेस खात्यातून. परचेसवाले असले तर बोलायलाच नको. तीस वर्षं नटबोल्टांची तीन-तीन कोटेशनं मागवलेला माणूस मोटारगाडीचं एकच कोटेशन घेऊन कसा गप्प बसेल? स्वतःची गाडी मात्र २००९ सालची. ती बदलायचा विषय काकूंनी काढला, की काका म्हणतात, ‘बाजार अजून खाली यायचाय.’

काकांचं पंचांग वेगळं असतं. त्यांचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं, अक्षय तृतीयेला जरा तापतं आणि घटस्थापना ते दिवाळीचा पाडवा या काळात त्यांना घरी जेवायला सवड नसते. साडेतीन मुहूर्तांना गाड्या घरी येतात, हे जसं गिऱ्हाईकाला ठाऊक, तसंच शोरूमवाल्यालाही ठाऊक. काकांचं खरं दुःख हेच. ‘दसऱ्याला सकाळी अकरा बेचाळीसला गाडी दारात पाहिजे,’ असं गिऱ्हाईक काचेचं दार ढकलता ढकलताच बोलून गेलं, की काका कपाळाला हात लावतात. ‘संपलं! आता तो कशाला कमी करतोय? तुम्हाला पाहिजे तो दिवस त्याच्या हातात.’

म्हणून निघण्यापूर्वी घरीच शिकवणी होते. मुहूर्ताचा उच्चार करायचा नाही. टेस्ट ड्राइव्हनंतर हसायचं नाही. भाव ठरल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, कारण एकदा का त्यांचा चहा पोटात गेला की माणूस भिडेला पडतो. आणि रंगाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तरीही शोरूममध्ये शिरल्या शिरल्या वहिनी म्हणतातच, ‘अय्या, हा लाल किती छान दिसतोय ना!’ काका खोकतात. बाहेर आल्यावर हिशेब सांगतात, ‘वहिनी, त्या लालचे पाच हजार झाले.’

टेबलावर सेल्समन कोटेशनचा कागद ठेवतो आणि काकांचा लाल पेन उघडतो. इथून पुढे मात्र हसणं थांबवून ऐकावं असा हा माणूस आहे. एक्स-शोरूम किंमत ते नुसती वाचतात. ती कंपनीने ठरवलेली, तिच्याशी भांडण नाही. त्यापुढचा आरटीओचा कर. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के, तिथेही भांडण नाही, फक्त मोबाइलवर गुणाकार करून आकडा ताडून पाहायचा. गाडी दहा लाखांच्या वरची असेल तर १ टक्का टीसीएस. त्याच्यापुढे काका बरोबरची खूण करतात आणि गिऱ्हाईकाला सांगतात, ‘हे गेले नाहीत बरं का, प्राप्तिकराच्या रिटर्नमध्ये दाखवा, वळते होतात.’

मग येतो विमा. इथे लाल पेनाचं पहिलं वर्तुळ पडतं. नव्या मोटारीला २०१८ सालापासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. २०२२ साली ठरलेल्या तक्त्यात १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये होते, मग पॉलिसी शोरूमची असो नाहीतर बाहेरची. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि वर चढवलेल्या झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट वगैरे कवचांमध्ये. काका खिशातून दुसरा कागद काढतात. त्यावर त्याच कंपनीचा, तेवढ्याच आयडीव्हीचा म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीचा, त्याच कवचांचा बाहेरचा दर लिहिलेला असतो आणि तो काही हजारांनी कमी असतो. सेल्समन म्हणतो, ‘सर, बाहेरून घेतलात तर कॅशलेसला त्रास होतो.’ काका शांतपणे विचारतात, ‘असं लिहून देता?’ लिहून कुणीच देत नाही. विमा शोरूममधूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही, हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना पक्कं माहीत असतं.

दुसरं वर्तुळ हँडलिंग चार्जेसचं. कुठे त्याला लॉजिस्टिक्स म्हणतात, कुठे डेपो, कुठे नुसतंच ‘इतर’. ‘हे कशाचे हो?’ काका विचारतात.

‘सर, गाडी यार्डातून इथे आणायचे.’

‘मग एक्स-शोरूम म्हणजे काय? गाडी शोरूमच्या बाहेर होती तेव्हाची किंमत?’

या प्रश्नाला उत्तर नसतं. ही रक्कम आरटीओत जात नाही, विमा कंपनीकडे जात नाही आणि तिची सरकारी पावतीही मिळत नाही. काका त्यावर आडवी रेघ मारतात. तिसरं वर्तुळ ‘एसेन्शिअल किट’ नावाच्या ओळीचं. सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप आणि शिवाय एखादी कोटिंग, जी लावली की नाही ते ती लावणाऱ्यालाच माहीत.

सेल्समन उठतो. ‘सर, तुमच्यासाठी मॅनेजरसाहेबांशी बोलून बघतो.’ तो काचेच्या केबिनमध्ये जातो. बाहेरून दोघांचे गंभीर चेहरे दिसतात. मॅनेजर मान हलवतो, कपाळाला आठ्या घालतो, कॅल्क्युलेटर दाबतो. गिऱ्हाईकाच्या छातीत धडधडतं. काकांनी असल्या केबिनी खूप पाहिलेल्या असतात. ते खालच्या आवाजात सांगतात, ‘जेवणाचा डबा काय आणला ते विचारतायत एकमेकांना.’

परतलेला सेल्समन एका दमात चार सवलती सांगतो. कॅश डिस्काउंट, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट, लॉयल्टी. बेरीज घसघशीत दिसते. काका एकेक सोलून बाजूला ठेवतात. एक्स्चेंज बोनस जुनी गाडी दिली तरच, आणि जुन्या गाडीची किंमत तेवढीच कमी धरली असेल तर तो बोनस आपल्याच खिशातून आपल्याला दिलेला. लॉयल्टी त्याच कंपनीची गाडी आधी असेल तर. कॉर्पोरेट म्हणजे कंपनीचं ओळखपत्र दाखवलं तर. खरी सूट पहिल्या ओळीतली, बाकी अटी.

कर्जाच्या टेबलावर तर काकांचा आवाजच बदलतो. ‘फक्त ७ टक्के, सर,’ असं फायनान्सवाल्या मुलाने म्हटलं की काका एकच शब्द टाकतात, ‘फ्लॅट?’ मुलगा हसतो, आणि तिथेच सापडतो. आठ लाखांवर पाच वर्षं ७ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज दोन लाख ऐंशी हजार, हप्ता अठरा हजार. बँका सांगतात त्या घटत्या शिलकीच्या हिशेबाने हाच दर १२.५ टक्क्यांच्या आसपास जातो. काका हे कागदाच्या मागच्या बाजूला मांडून दाखवतात, तेव्हा शेजारच्या टेबलावरचं गिऱ्हाईकही खुर्ची जवळ ओढून घेतं.

एवढं सगळं झाल्यावर काकांनी समाधानाने उठायला हवं. पण नाही. खरी लढाई अजून बाकी असते, आणि ती मडफ्लॅपसाठी असते.

हँडलिंगचे हजारो रुपये कमी झाले, विमा बाहेरून ठरला, याचा आनंद काकांच्या चेहऱ्यावर दिसत नाही. ते हक्काचं होतं, मिळालं. मडफ्लॅप, मॅट आणि डॅशबोर्डवरचा गणपती हे मात्र जिंकून आणायचे असतात. पाऊण तास जातो. ‘उठा हो, दुसरीकडे बघू,’ म्हणून काका दोनदा दारापर्यंत जाऊन येतात. अखेर सेल्समन खांदे पाडतो. ‘ठीक आहे सर, माझ्या इन्सेन्टिव्हमधून देतो.’ काका विजयी मुद्रेने चहा मागवतात. त्यांना कोण सांगणार, की मॅट आणि मडफ्लॅप सकाळपासूनच काउंटरखाली बाजूला काढून ठेवलेले होते? असे काका शोरूमवाल्यांनाही पाठ असतात. त्यांच्यासाठी हरायची वस्तू आधीच ठरवून ठेवलेली असते.

शोरूमवाल्याची बाजूही काकांना समजते, ते कबूल करत नाहीत इतकंच. नव्या गाडीवर डीलरला सुटणारा नफा थोडा. कमाई होते ती विमा, कर्ज, अ‍ॅक्सेसरीज आणि पुढची सर्व्हिसिंग यांतून. म्हणून तर सेल्समन गाडीपेक्षा विम्याच्या ओळीसाठी जास्त जिवाचं रान करतो. शिवाय महिन्याचं टार्गेट पुरं झालं तर कंपनीकडून डीलरला वेगळी रक्कम मिळते. महिनाअखेरीला दोन गाड्या कमी पडत असतील, तर सकाळी ‘शक्यच नाही’ म्हणणारा मॅनेजर संध्याकाळी स्वतः फोन करतो. काका त्या फोनची वाट पाहत गच्चीत फेऱ्या मारतात.

अशा या माणसावर २०२५ साली सरकारने मोठा अन्याय केला. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार म्हणून घोषणा झाली. ३ सप्टेंबरला परिषदेचा निर्णय आला, आणि नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला, म्हणजे ऐन घटस्थापनेला. मधे पितृपक्ष. आधीच कुणी गाडी घेत नाही, त्यात कर कमी व्हायचा बाकी! काकांना महिनाभर कुणी हाकसुद्धा मारली नाही. मग एका दिवसात चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीचा कर सेससकट २९ टक्क्यांवरून १८ वर आला. आठ लाखांच्या गाडीची किंमत ६८ हजारांनी उतरली, शिवाय आरटीओचा कर किमतीवर असल्याने तोही साडेसात हजारांनी कमी झाला. न चहा नाकारता, न दारापर्यंत जाता! पहिल्याच दिवशी एकट्या मारुतीने सुमारे तीस हजार गाड्या गिऱ्हाइकांच्या हाती दिल्या. ‘काका, आता तुमची गरज नाही,’ असं कुणीतरी चेष्टेने म्हणालं. काका दोन दिवस टेकडीवर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते नवा मुद्दा घेऊनच, ‘डीलरने सेस भरून उचललेला जुना माल पडलाय. आता खरा भाव तुटेल!’

काकांचा स्वतःचा खरा मुहूर्त मात्र डिसेंबरचा शेवटचा आठवडा. पंचांगात त्याला नाव नाही. वर्ष बदलायच्या आत गोदाम रिकामं करायचं असतं, म्हणून सूट वाढते. सेल्समन सांगतो, ‘सर, जानेवारीत किमती वाढणार.’ बहुतेक वर्षी त्या खरंच वाढतात, म्हणून काका हे वाक्य खोडत नाहीत. ते फक्त चॅसिस नंबर मागतात. सतरा अक्षरांच्या त्या नंबरात बहुतेक कंपन्यांचं दहावं अक्षर साल सांगतं. आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५. फेब्रुवारीत बनून दहा महिने उन्हात उभी राहिलेली गाडी डिसेंबरात घेतली, तर विकताना ती वर्षाने जुनीच धरली जाणार. ‘मग त्या दहा महिन्यांचं भाडं आम्हाला द्या की,’ असं काका म्हणतात. आणि निम्म्या वेळा ते मिळतंही.

डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमवाले गाडीवर साटीन टाकतात, पुठ्ठ्याची हातभर किल्ली देऊन फोटो काढतात. झेंडूचा हार, नारळ, चाकाखाली लिंबू. सगळे गाडीकडे पाहत असतात आणि काका गाडीच्या शेजारी उकिडवे बसलेले असतात. टायरवरचे चार आकडे वाचतात. ३६२५, म्हणजे २०२५ सालचा छत्तिसावा आठवडा. स्टेपनीचेही वाचतात. किलोमीटर पाहतात, दारांच्या कडांना बोट लावून रंग पाहतात, बॉनेट उघडून बॅटरीवरची तारीख शोधतात. अकरा बेचाळीस होऊन जातात. गुरुजी घड्याळाकडे पाहतात. हे सगळं गाडीची नोंदणी व्हायच्या आधी, यार्डात जाऊन पाहायचं असतं, हे काकांनी आठवडाभर आधी सांगितलेलं असतं. पण तेव्हा घरातले सगळे पेढ्यांची ऑर्डर देण्यात गुंतलेले होते.

तेव्हा यंदा दसऱ्याला गाडी घ्यायची असेल तर काकांना पितृपक्षातच गाठा. शोरूम रिकामं असतं, मॅनेजर स्वतः बाहेर येऊन बसतो आणि लाल पेनाला पुरेसा वेळ मिळतो. बुकिंग फॉर्मवर बारीक अक्षरात बहुधा ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ असं छापलेलं असतं, ते आधी वाचा. सूट, विमा आणि खोडलेलं हँडलिंग यांचे आकडे डिलिव्हरीच्या तारखेसकट कागदावर घ्या, खाली मॅनेजरची सही घ्या. मडफ्लॅपचं काय ते काका बघून घेतील.