पंचनामे

तुमच्याही गल्लीत एक पंचनामे असणारच. नसतील, तर तुमच्या गाडीला अजून कोणी ठोकलेलं नाही, किंवा तुमच्याकडे गाडीच नाही. ठोकणारे गावोगाव असतात आणि ठोकून घेणारे घरोघर. पण ठोकताना पाहिलं, आणि पाहिलेलं सांगायला आपण होऊन आला, असा माणूस चार-पाच गल्ल्यांत मिळून एकच निघतो. देवाने हे प्रमाण विचार करूनच ठेवलं असावं.

आमचे पंचनामे ठाण्याच्या नौपाड्यातले. खरं आडनाव वेगळं आहे. तोंडावर सगळे त्यांना काका म्हणतात आणि पाठ वळली की पंचनामे. सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. पूल, मोऱ्या आणि विश्रामगृहांची स्वच्छतागृहं यांचे नकाशे काढण्यात उभी हयात गेली. निवृत्तीच्या दिवशी खात्याने टी-स्क्वेअर परत घेतला, शाल-श्रीफळ दिलं आणि हा हात मोकळा सोडला. त्याची फळं आमच्या गल्लीतल्या वायपरांनी भोगली.

कारण काका नुसतं सांगत नाहीत, लिहून देतात. रस्त्याकडेला उभ्या गाडीला कोणी घासून गेलं, की तासाभरात तिच्या वायपरखाली घडी घातलेला कागद. पावसाळ्यात तोच कागद धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत. मजकूर साधारण असा: ‘आपले वाहन (रंग करडा, डाव्या दरवाज्यावरील जुन्या पोच्याचा या घटनेशी संबंध नाही) तारखेप्रमाणे योग्य बाजूस उभे असता, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी एक निळा टेम्पो मागे घेताना आपल्या मागील बंपरास लागला. चरा एक वीत तीन बोटे. चालकाने उतरून, अंगठ्यास थुंकी लावून चरा पुसून पाहिला, चारही दिशांस पाहिले व निघून गेला. टेम्पोचा क्रमांक सूचीत पाहावा. नकाशा मागे.’

मागे खरोखरच नकाशा असतो. पदपथ, गटाराची झाकणं, दिव्याचा खांब, तुमची गाडी, त्याची गाडी, तुटक रेषेत त्याचा मार्ग, फुलीने ठोकल्याची जागा, कोपऱ्यात सूची. आणि वर उजव्या हाताला, काही झालं तरी, उत्तर दिशेचा बाण.

या बाणाने मला फार छळलं आहे. बंपर फुटलेल्या माणसाला उत्तर कुठे आहे याच्याशी काय देणं-घेणं? मी एकदा तसं विचारलंही. काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी विश्रामगृहाच्या नकाशातून स्वच्छतागृहच खोडायला सांगत होतो. “दिशेशिवाय नकाशा म्हणजे नुसतं चित्र. चित्र कोर्टात चालत नाही,” ते म्हणाले. त्यांचा एकही नकाशा कोर्टात गेला नव्हता, तरी त्यांची तयारी पक्की होती.

एका पावसाळी रात्री छत्री, टॉर्च आणि होकायंत्र घेऊन काका गल्लीच्या मधोमध उभे दिसले. दुपारच्या चिठ्ठीत बाण अंदाजाने काढला होता आणि आता झोप लागत नव्हती. खाली येऊन पाहतात तर बाण थोडा पूर्वेकडे झुकलेला, आणि गाडी गेलेली. एमएच १५, म्हणजे नाशिकची, कोणाकडे तरी आलेले पाहुणे. पुढे कित्येक दिवस काका मध्येच बोलायचे थांबत आणि म्हणत, “नाशकात एका माणसाकडे माझी चुकीची उत्तर आहे.”

बरं, हा मनुष्य ठोकण्यापूर्वी ओरडत नाही! आपल्याकडे गाडी मागे येऊ लागली की रस्त्यावरचा प्रत्येक पुरुष वाहतूक पोलीस होतो. पानाच्या टपरीवरून, रिक्षातून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून “येऊ द्या, येऊ द्या, लेफ्ट मारा, बस बस बस” सुरू होतं, आणि यातलं शेवटचं ‘बस’ बहुतेक वेळा आवाज झाल्यानंतर येतं. काका या मंडळींत कधीच नाहीत. ते पदपथावर हाताची घडी घालून उभे. “तुम्ही ओरडला का नाहीत?” असं एका मालकाने चिडून विचारलं, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, “ओरडलो असतो तर तो थांबला असता. मग मी साक्ष कसली देणार होतो?”

कायदा त्यांना पाठ. भाजीच्या दोन पिशव्या हातात धरून मी तो अनेकदा ऐकला आहे. “मोटार वाहन कायदा, १९८८. कलम १३४. लोकांना वाटतं, माणूस जखमी झाला तरच ते लागतं. चूक! दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान केलंत तरी चालकाची जबाबदारी आहेच. पोलिसांनी विचारलं तर माहिती द्यायची, आपल्या विमा कंपनीला कळवायचं. नाही केलं, तर कलम १८७.” मी पिशव्या हातांत बदलत विचारतो, “आणि काका, पाहणाऱ्याने काय करायचं?” इथे ते खंतावतात. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली नियमांवर शिक्कामोर्तब केलं. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १३४-अ हे कलमच आलं. “पण ते माणसाला लागलं तर,” काका म्हणतात. “बंपर पाहणाऱ्याला कोणी वाली नाही.”

याचा प्रत्यय त्यांनी एकदा पोलीस ठाण्यात घेतला. हे त्यांनीच सांगितलेलं आहे, तेही कसलाही विनोद न करता. ठाणे अंमलदाराने कागद आडवा धरला, मग उभा, मग उलटा. काकांनी टेबलावर कागद उत्तरेकडे फिरवून नीट लावून दिला. अंमलदाराने विचारलं, “गाडी तुमची?”

“नाही.”

“ठोकणारा ओळखीचा?”

“नाही.”

“तुमच्या गाडीचं काही नुकसान?”

“मला गाडी नाही.”

“मग तुमचा संबंध काय?”

“मी पाहिलं.”

अंमलदार भला माणूस होता. त्याने चहा मागवला आणि समजावून सांगितलं की कायद्यात ‘आगळीक’ म्हणतात तिला हेतू लागतो किंवा नुकसान होणार याची जाणीव तरी लागते. रिव्हर्स घेताना अंदाज चुकला तर त्यात बसवणं कठीण. मालकाला पाठवा, आपसांत मिटत असेल तर मिटवा, नाहीतर भरपाईसाठी मोटार अपघात न्यायाधिकरण आहेच. एक वीत तीन बोटांच्या चऱ्यासाठी न्यायाधिकरणात जाणारा मालक ठाणे जिल्ह्यात मिळणं शक्य नव्हतं. पण ‘मी पाहिलं’ यापलीकडे संबंध तो कसला असायचा, हे काकांना शेवटपर्यंत समजलं नाही. बाहेर पडताना त्यांना एकच समाधान होतं. अंमलदाराने निरोप देताना म्हटलं होतं, “काका, बाण मात्र झकास काढलाय.”

खरं सांगायचं तर ही चिठ्ठी मालकाला नकोच असते. वायपरखाली काही नसेल तर माणूस चऱ्यावरून हात फिरवतो, अज्ञात इसमाच्या मातोश्रींचा उद्धार करतो, कंपाउंड मारून घेतो आणि दोन दिवसांत विसरतो. चिठ्ठी आली की नंबर आला. नंबर आला की मोबाईलवर एमपरिवहन उघडणं आलं. तिथे मालकाचं नाव अर्ध्या फुल्यांत दिसतं, म्हणजे जेमतेम राग यावा एवढंच. मग घरातले विचारतात, “पुढे काय केलंत?” आणि आपण काहीच केलेलं नसतं. अज्ञात इसमावर भित्रेपणाचा आरोप करणं सोपं होतं. काकांच्या चिठ्ठीने तो आपल्यावर येतो.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांचं हेच झालं. पाडव्याला त्यांची नवी गाडी आली. बॉनेटवर हार, चाकांखाली लिंबं, सीटवरचं प्लास्टिक काढायला वहिनींची सक्त मनाई. आठवड्याच्या आत एका भल्यामोठ्या पांढऱ्या गाडीने तिचा मागचा दिवा आणि अर्धा बंपर नेला. काकांची चिठ्ठी आली. त्यात लिहिलं होतं: ‘क्रमांकाच्या जागी ‘दादा’ असे वाचले जाते. अनुमान ४१४१. मागील काचेवर नेत्याचे छायाचित्र आहे, त्याखालील मजकूर वाचता आला नाही.’

बँकवाल्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली, पुन्हा उघडली आणि जिन्यातच काकांना गाठलं. आम्ही दोघे-तिघे तिथे होतो.

“काका, तुम्हाला नीट दिसलं का? अंधार असेल.”

“सकाळचे अकरा वाजले होते.”

“मग ऊन डोळ्यांवर आलं असेल.”

“ऊन पाठीवर होतं. माझं तोंड पश्चिमेला होतं. बाण पाहा ना!”

बँकवाल्यांनी बाण पाहिला. उत्तर उत्तरेलाच होती. पळायला एकही दिशा शिल्लक नव्हती.

तक्रार काही झाली नाही. विम्याचा दावाही नाही, कारण जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर आणलेला पन्नास टक्के नो क्लेम बोनस एका दिव्यापायी घालवायचा नव्हता. डेंटिंग-पेंटिंगवाल्याला रोख पैसे मोजले. ‘कोणी ठोकली?’ असं त्याने विचारल्यावर बँकवाले म्हणाले, मिसेसनी खांबाला लावली. वहिनींना गाडी चालवता येत नाही. पंधरवड्याने सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: ‘सभासदांच्या वाहनांवर कोणीही कागद, चिठ्ठ्या वगैरे लावू नयेत.’ सूचनेखाली सही सेक्रेटरीची होती, अक्षर बँकवाल्यांचं. त्यानंतरच्या चिठ्ठ्यांत काकांनी शेवटी एक ओळ वाढवली: ‘सदर टिपण वाचणे मालकावर बंधनकारक नाही.’

मीही तेव्हा हसलो होतो. काका गॅलरीतून वाकून खाली बघताना दिसले की आम्ही एकमेकांना कोपराने ढोसायचो.

पुढे नौपाड्यातल्या अर्ध्या इमारतींचं झालं तेच आमच्याही इमारतीचं झालं, पुनर्विकास. तीन वर्षांनी परतलो तेव्हा जुन्या तीन मजल्यांच्या जागी टॉवर होता. खाली पोडियम पार्किंग, आणि जागोजागी कॅमेरे. वॉचमनच्या केबिनमध्ये एका पडद्याचे सोळा तुकडे, आणि वॉचमन त्या पडद्याकडे पाठ करून मोबाईलवर क्रिकेट बघत. परवा पोडियममध्ये माझ्या गाडीच्या दारावर कोणीतरी लांबलचक ओरखडा काढला. सोळापैकी एक डोळा नेमका तिथेच रोखलेला. मी उत्साहाने सेक्रेटरीकडे गेलो. त्यांनी रजिस्टरमध्ये अर्ज लिहून घेतला, एजन्सीचा माणूस येईल म्हणाले. माणूस आला तोवर त्या तारखेचं रेकॉर्डिंग पुसून वर नवं आलं होतं. सोळा डोळ्यांनी पाहिलं होतं, पण सांगायला एकही जिना चढून आला नाही.

काका आता चौदाव्या मजल्यावर. मी तणतणत वर गेलो. त्यांनी पाणी दिलं आणि माझं सगळं ऐकून अपराधी आवाजात म्हणाले, “इथून फक्त टपं दिसतात. टपांना नंबर नसतो.” मग कपाटातून जाडजूड फाईल काढली. प्रत्येक चिठ्ठीची कार्बन प्रत, तारखेप्रमाणे लावलेली. माझ्या जुन्या बंपराची दाखवायला म्हणून उघडली, आणि मी बंपर विसरून पानं उलटत बसलो.

टेम्पो आणि फुल्या सोडल्या तर त्या नकाशांत आमची आख्खी जुनी गल्ली होती. कुंपणाची भिंत आणि तिला पडलेलं पोरांच्या येण्या-जाण्याचं भगदाड. नळकोंडाळं. चाफा, बुंध्याच्या घेरासकट. इस्त्रीवाल्याची टपरी, आठ फूट बाय पाच. संध्याकाळी म्हाताऱ्या बसत तो कट्टा. त्यावर काकांनी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘साक्षीदार ५, पैकी ३ यांना दूरचे दिसत नाही.’ बिल्डरच्या नकाशात आमची इमारत आहे, बाकी यातलं काहीच नाही. आम्हा कोणाकडे त्या चाफ्याचा धड फोटोसुद्धा नाही. तो नेमका कुठे होता हे आता सांगायचं, तर एका टेम्पोने एका बंपरला केव्हा धडक दिली यावरूनच सांगावं लागतं. दिशा मात्र चुकणार नाही. प्रत्येक पानावर, वर उजव्या हाताला, बाण आहे.

हे मी काकांना बोलून दाखवलं नाही. बोललो असतो तर त्यांनी प्रमाण, आम्लविरहित कागद आणि ट्रेसिंगच्या शाईवर संध्याकाळ काढली असती. एवढी माया परवडणारी नाही.

पण तुम्हाला सांगतो. तुमच्या देखत कोणी उभ्या गाडीला ठोकून निघून गेलं, तर गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि आपला फोन नंबर कागदावर लिहून वायपरखाली ठेवा. जमल्यास दोन्ही गाड्यांचा एक फोटो काढा. मालक पुढे काही करेल किंवा करणार नाही, तो त्याचा प्रश्न. पाऊस असेल तर दुधाची पिशवी आधी धुऊन घ्या. आणि दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला, तर कृपा करून उचला.