पावत्या घेऊन आलेली बाई

कढीपत्ता घ्या वहिनी, आणि थांबा दोन मिनिटं. कुकर लावलाय? मग शिट्टी इथवर येईल की ऐकू. म्हाडाच्या भिंती कुठे एवढ्या जाड!

काल साखरपुड्याहून तुम्ही लवकर निघालात. मुलाची मामी पाहिलीत? ठुशी, त्यावर मोहनमाळ, त्यावर लक्ष्मीहार, हात पार कोपरापर्यंत पिवळे. जेवताना मला म्हणते, "चिंचपेटीचे मोती अस्सल आहेत हं, पावती आहे घरी." मी विचारलं होतं का? मला तर लोलिया पाउलिनाच आठवली.

अहो, आपल्या वर्तकनगरातली नव्हे, रोमची! बादशहा कॅलिगुलाची काही महिन्यांची बायको. थोरला प्लिनी म्हणून लेखक होता, त्याने तिला स्वतः पाहिलेलं. कुठे? साखरपुड्याच्याच जेवणात, तोही बेताचाच. डोकं, केस, कान, गळा, बोटं, सगळीकडे एक पाचू नि एक मोती. किंमत चार कोटी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी. आणि बाईसाहेब पावत्या दाखवायला एका पायावर तयार. निदान आपल्या मामीने पावती घरी तरी ठेवली होती.

पैसा कुठला, हीच तर खरी गंमत. आजोबा पूर्वेकडच्या मुलखात मोठे अधिकारी. तिकडच्या राजांकडून नजराणे खाल्ले, ऑगस्टस बादशहाच्या नातवाची मर्जी खप्पा झाली, शेवटी विष घेतलं. प्लिनीला खवचटपणा कमी नाही. त्याचं म्हणणं, एवढी लूट कशासाठी, तर नातीने दिव्यांच्या उजेडात मिरवावं म्हणून.

त्यानेच हिशेब मांडलाय. हिंदुस्थान, चीन नि अरबस्तान मिळून रोमचे दर वर्षी दहा कोटी सेस्टर्स ओढून नेतात, आणि हा खर्च म्हणे चैनीचा नि बायकांचा. बघा! आपली मिरी जाते सगळ्यांच्या ताटात, बिल फाडायचं बायकांच्या नावावर. आमच्याकडे गॅस सिलेंडरचंही असंच आहे.

नाही हो, लांबचं कसलं? लोकलने अर्ध्या तासावरचं कल्याण घ्या. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये, म्हणजे ग्रीक खलाशांच्या वाटाड्या पुस्तकात, कल्याणचं नाव आहे. सातवाहनांच्या थोरल्या राजाच्या वेळी तिथे रीतसर बाजारपेठ होती. मग सत्ता बदलली आणि बंदराची कोंडी झाली. ग्रीक गलबत चुकून लागलंच, तर पहारा बसवून थेट भडोचला. ठरल्या ठिकाणी पोचायचं सोडून भलतीकडेच! आपल्या रिक्षावाल्यांना सांगायला नको.

पण बायकांनी एकदा त्या रोमवाल्यांची जिरवली होती, ते ऐका. ख्रिस्तपूर्व 215 साली शत्रूचा सेनापती हॅनिबल, त्याच्याशी लढाई पेटलेली, तिजोरीत खडखडाट. सरकारने कायदा काढला, बाईने अर्ध्या औंसाहून जास्त सोनं बाळगायचं नाही. आपल्या हिशेबात दीड तोळासुद्धा नाही! रंगीत वस्त्रं नकोत, शहरात गाडीत बसणं नको. लढाई संपली, कायदा तस्साच. ख्रिस्तपूर्व 195 मध्ये तो रद्द करायचा ठराव आला, तर केटो नावाचा कॉन्सल, म्हणजे बडा कारभारी, भाषणं ठोकतोय की बायका डोक्यावर बसतील. त्यात रयतेच्या प्रतिनिधींपैकी, म्हणजे ट्रिब्यूनांपैकी, दोघे आडवे पडायच्या तयारीत. त्यांना तो हक्कच होता. 'व्हेटो' म्हणतो ना आपण, तो लॅटिन शब्द, अर्थ 'मी मना करतो'. एकाने मना केलं की ठराव बारगळला.

मग काय, बायका रस्त्यावर. गावोगावहून आलेल्या. चौकाकडे जाणाऱ्या पुरुषांना वाटेत गाठत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या दोघांच्या दारातच ठाण मांडून बसल्या. मनाई मागे घेईपर्यंत हलल्या नाहीत. कायदा गेला.

आता मुद्द्यावर येते. रिडेव्हलपमेंटच्या नकाशात पापड वाळत घालायला गच्चीच नाहीये, पाहिलंत? तिथे म्हणे जिम. आपण बोललो तर कमिटीतले ते दोघे एकच पालुपद लावतात, आमची सही होणार नाही. दोघांची घरं तळमजल्यावर. रविवारी सकाळी दहाला मी, तुम्ही, भिशीच्या सगळ्या, आणि बसायला चटया…

वहिनी, चौथी शिट्टी! डाळ गेली तुमची.