गॅसवाले नाना

या गोष्टीतली पारगावं दोन. एक जुन्नर तालुक्यातलं, पारगाव तर्फे आळे. दुसरं आंबेगावातलं, भीमाशंकर साखर कारखान्याचं. नाना मात्र दोन्हीकडे भेटतात. माणसं वेगळी असतील, पण टोपी तीच, तक्रार तीच आणि जेवणानंतरचा करपट ढेकरही तोच.

नानांचं सगळं शरीरशास्त्र गॅसवर चालतं. गुडघा धरला, तर गॅस सांध्यात उतरलेला असतो. डोकं ठणकलं, तर वर चढलेला. सूनबाईशी वाजलं त्या दिवशी तो नुसता ‘फिरत’ असतो. तब्येत विचारली की नाना तोंडानं उत्तर देत नाहीत. सदरा वर करून पोटावर दोन बोटं वाजवतात. डब्ब आवाज आला की विचारणाऱ्याची खात्री पटते आणि नानांचं समाधान होतं.

खरा तमाशा पंगतीत. या पट्ट्यात मासवडीचं जेवण म्हटलं की नाना आमंत्रणाची वाट बघत नाहीत. बेसन घोटून शिजवायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, आत भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा, लसूण भरून गुंडाळी दाबायची आणि वड्या पाडायच्या. सोबत तवंगाचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. “मला नको रं, सोसत नाही,” म्हणत नाना पत्रावळीवर हात आडवा धरतात. पण बोटं इतकी फाकलेली, की मधून दोन वड्या आरामात खाली उतरतात. मग रश्श्याचे भुरके आणि घास तोंडात ठेवून शेजाऱ्याशी ऊसदराची चर्चा. घासाघासाला हवा पोटात. वर गोटी सोडा, आणि लगेच खाटेवर आडवे! दिवस मावळेपर्यंत पोट तट्ट.

नानांच्या गोठ्यामागं गोबरगॅसची टाकी आहे. शेण-पाणी कालवून घातलं आणि बाहेरची हवा बंद केली की आतले जिवाणू कामाला लागतात. नानांच्या मोठ्या आतड्यात तोच उद्योग चालतो. हरभऱ्यात रॅफिनोजसारख्या शर्करा असतात. त्या तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं, म्हणून त्या तशाच पुढं सरकतात. कांदा-लसणातल्या फ्रुक्टानचीही तीच गत. मग जिवाणूंची मेजवानी. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेनसुद्धा. हे सगळं समजावून सांगितल्यावर नानांनी एकच विचारलं, “मग शेगडी पेटंल का?”

उपायांना तोटा नाही. सूनबाई ओवा-सैंधव देते, नातू पित्ताची गोळी आणतो. ती आम्ल कमी करते, गॅसला हात लावत नाही. नानांचा भरवसा मात्र इनोवर. खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल पाण्यात पडलं की फसफसून कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे गॅसवर उतारा म्हणून आणखी गॅस! ढेकर येतो आणि नाना म्हणतात, “निघाला.” जो आत्ताच आत गेला, तोच बाहेर आला. रात्री पोट निवावं म्हणून पुन्हा पेलाभर दूध. मोठेपणी अनेकांना दुधातली लॅक्टोज पचत नाही, हे दूधवाल्या गावात सांगायचं तरी कुणी?

नानींचा इलाज बिनपैशाचा आहे. हळू जेवा, तोंड मिटून चावा, मग शतपावली घाला, पोट रोज साफ ठेवा. कडधान्य रात्रभर भिजवून त्या पाण्यावर पाणी सोडायचं, म्हणजे त्या शर्करा बऱ्याच कमी होतात. बेसन भिजवून काही पाणी ओतून देता येत नाही. तिथं वड्याच कमी खायच्या. हा शेवटचा भाग नानांना कधीच ऐकू जात नाही. शतपावली ते घालतात, पण ती भज्यांच्या गाडीपाशी संपते.

एवढं सगळं हसण्यावारी न्यावं, पण एका ठिकाणी नानांचं ऐकू नका. पोट आठवडेच्या आठवडे फुगलेलं, वजन उतरतंय, शौच काळी किंवा रक्ताची, तर डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दाब आला, दरदरून घाम फुटला, कळ हाताकडं किंवा जबड्याकडं गेली, तर ओवा चघळत बसू नका. १०८ ला फोन करा. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे, नारायणगावला ग्रामीण रुग्णालय. गॅसच होता, हे डॉक्टरांना म्हणू द्या.