लॉर्डसाहेबांचा सोफा

हिंदी सिनेमातल्या श्रीमंत वडिलांना गाऊन, पाइप आणि वळणदार जिना यांच्या जोडीला आणखी एक वस्तू सक्तीची असे : खोल बटणांचा चामडी सोफा. मुलगी गरिबाच्या प्रेमात पडल्याची बातमी कळली की ते याच सोफ्यावरून ताडकन उठत. आमच्या दादांनी बंद पडलेल्या एका कंपनीच्या लिलावातून तसाच सोफा गिरगावातल्या चाळीत आणला. लिलावात कुणीच हात वर करेना, म्हणून त्यांना त्याची दया आली असणार, असं आईचं मत. दादा मांजरंही अशीच आणत.

खोली दहा बाय बारा, सोफा सात फुटी. जिन्याच्या वळणावर तो अडला, तेव्हा चाळीच्या दहीहंडी पथकाने दोर लावून गॅलरीतून वर घेतला. तेव्हापासून आमच्या घरात सोफा असं म्हणण्यापेक्षा सोफ्याभोवती आमचं घर, असं म्हणणं जास्त बरोबर. बसल्या जागेवरून दार उघडता येई, गॅस बंद करता येई, आणि पाय जरा लांब केले की ते मोरीत जात.

या सोफ्याला चेस्टरफिल्ड म्हणतात. पाठ आणि हात एकाच उंचीचे, दोन्ही बाहेर वळवलेले, आणि पाठभर चौकटच्या आकाराचे उंचवटे. नाव पडलं म्हणतात ते इंग्लंडच्या चौथ्या अर्ल ऑफ चेस्टरफिल्डवरून, म्हणजे फिलिप स्टॅनहोपवरून (1694–1773). पाहुण्यांनी ताठ बसावं आणि त्यांच्या कोटाला चुण्या पडू नयेत म्हणून त्याने हा सोफा बनवून घेतला, अशी आख्यायिका आहे. मला ती पटत नाही. बैठकीत स्प्रिंगा घालायची सुरुवात व्हिएन्नात आणि लंडनमध्ये 1820च्या दशकात झाली आणि खोल बटणांचं वेड पसरलं ते व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत. तोवर साहेबांना जाऊन अर्धं शतक उलटलं होतं.

बसण्याचा विषय मात्र साहेबांना जन्मभर चिकटला. शब्दकोशकार डॉक्टर जॉन्सनने 1755 मध्ये त्यांना जे खरमरीत पत्र लिहिलं, त्यातली मुख्य जखम हीच, की सात वर्षांपूर्वी तुम्ही मला बाहेरच्या खोलीत ताटकळत ठेवलंत. आणि मरणाच्या दारात असताना, भेटायला आलेल्या मित्राला खुर्ची द्या, एवढं नोकराला सांगून साहेबांनी डोळे मिटले म्हणतात. मुलाला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी बजावलं होतं, की सभ्य माणसाने स्मित करावं, हसण्याचा आवाज होऊ देऊ नये. आमच्या या सोफ्यावर रविवारी संध्याकाळी दूरदर्शनचा सिनेमा बघायला चाळीतल्या सगळ्या काकू बसत. विनोदी सिनेमा असला की समोरच्या चाळीतले लोक गॅलरीत येऊन काय झालं विचारत.

खरं तर हा सोफा आपल्या शरीराला मानवणारा नाही. आपल्याला सोफ्यावर मांडी लागते. दुपारचं जेवण झालं की हातावर डोकं टेकून पडायला लागतं. इथे हातच पाठीएवढे उंच, त्यामुळे मान काटकोनात. मे महिन्यात उघड्या पोटऱ्या चामड्याला चिकटत आणि उठताना असा आवाज येई की पाहुणे घाईघाईने विषय बदलत.

पुढे दादा गेले, चाळ पुनर्विकासात गेली, आम्ही डोंबिवलीला आलो. सोफाही आला. तोवर त्याच्या मध्यभागी खड्डा पडला होता. मधे बसणारा खाली जाई आणि दोन्ही बाजूंचे त्याच्यावर घसरत. माझ्या मावसबहिणीचं लग्न त्या खड्ड्यामुळे जमलं, असं आम्ही मानतो. पण सगळ्याच पाहुण्यांची लग्नं जमवायची नव्हती.

सोफा दुरुस्त करायचं ठरलं, तेव्हा पहिला आला तो फोमवाला. त्याने सोफ्यावर मूठ मारली आणि निकाल दिला : आतला सगळा कचरा काढू, फोम भरू, वरून रेक्झिन. बटणांचं काय, असं विचारलं तर म्हणाला, “चिकटवून देतो ना मॅडम. ओढायची गरजच नाही.” आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “मग ती टिकलीच की.” फोमवाला चहा न घेता गेला.

मग ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात चौकशी करत करत एक मिस्त्री मिळाले. वय साठीपुढचं. त्यांनी सोफ्याचं तोंड पाहिलंच नाही. उलटा करायला लावला, बुडाचं कापड फाडलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाले, “सागवान आहे, ताई. पट्टी गेली, सुतळी गेली. स्प्रिंगा जिवंत आहेत.” भाव विचारला तेव्हा त्यांनी जो आकडा सांगितला, त्यात डोंबिवलीच्या कुठल्याही दुकानात नवा सोफासेट आला असता, वर टीपॉय फुकट.

सोफ्याचं पोट उघडलं तो दिवस घरात सणाचा. केसाच्या पिना, सुपारीची खांडं, दादांच्या चष्म्याची काडी, 2011 साली चलनातून बाद झालेले चार आणे, एक भरलेलं लाइट बिल आणि ल्युडोची पिवळी सोंगटी. ही सोंगटी चोरल्याच्या आरोपावरून माझा चुलतभाऊ एक आख्खी सुट्टी सगळ्यांच्या बोलण्यातून बाद होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, लेखी द्या.

या सगळ्याखाली काळे, कुरळे केस निघाले. मिस्त्री म्हणाले, घोड्याचे आहेत. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं मी सत्यनारायणाची पोथी घोड्यावर बसून वाचली?”

“आजी, देवाच्या रथाला पण घोडेच होते,” मिस्त्री म्हणाले. त्या दिवसापासून त्यांच्या चहात आलं वाढलं.

हे केस म्हणजे साधं भरण नव्हे. आधी त्यांचा दोर वळतात, तो उकळतात, मग उकलतात. पीळ कायमचा राहतो आणि एकेक केस दबून परत उठतो. जुने झाले तर टाकायचे नाहीत, धुवायचे, वाळवायचे, पिंजायचे आणि पुन्हा भरायचे. आमचे केस गच्चीत वाळत पडलेले बघून खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, “मुंज कुणाची?”

बटणांचं गुपित मला तेव्हा कळलं. ती शोभेची नाहीतच. उभ्या पाठीत सैल केस भरले तर ते दोन पावसाळ्यांत खाली घसरून बसतील. म्हणून जागोजागी दोरा आरपार नेऊन त्यांना बांधून ठेवायचं. आपला पिंजारी कापसाच्या गादीला टाके घालतो तो याचसाठी. फोम घसरत नाही, म्हणून त्याला बटणं लागत नाहीत, तरी चिकटवतात.

चामडं धारावीतून आणलं. ते चौरस फुटाने विकतात, पण जनावर काही चौरस नसतं, त्यामुळे सात फुटांची पाठ एका तुकड्यात निघत नाही. दोन बटणांत सात इंच असतील तर चामडं साडेआठ इंच धरायचं, कारण बाकीचं खड्ड्यात जातं. जोड लागला तर तो सरळ मारायचा नाही, बटणाबटणातून नागमोडी न्यायचा, म्हणजे चुणीखाली लपतो. हा हिशेब मिस्त्रींनी लाइट बिलाच्या मागे केला. पदवी गणिताची असून मला त्यात एक चूक सापडली नाही.

मग हातभर लांबीचं, दोन्ही टोकांना अणकुचीदार दाभण आलं. सुई समोरून मागे, सुतळी गोणपाटावर कापसाच्या बोळ्याला सरकगाठीने बांधलेली. सुरुवात मधल्या बटणापासून, आणि एकही गाठ एकदम आवळायची नाही. सगळी बटणं थोडी थोडी आत न्यायची, चुण्या बोटाने बसवायच्या आणि त्यांचं तोंड खाली ठेवायचं, म्हणजे धूळ साचत नाही. मी मागच्या बाजूला बसून सुतळी धरत होते. “सैल, ताई... आता ओढा... अहो, एवढं नाही!” असा आमचा संवाद ऐकून शेजारच्या आजोबांनी दार ठोठावून सगळं ठीक आहे ना, याची खात्री करून घेतली.

सोफा झाला. इतका देखणा की त्याच संध्याकाळी आईने त्यावर जुनी सोलापुरी चादर अंथरली. “खराब होईल,” ती म्हणाली. एवढा खर्च दिसायला नको का, असं मी विचारलं, तर म्हणाली, “बिल आहे ना तुझ्याकडे, ते दाखव.”

तुमच्याकडे असा म्हातारा सोफा असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याला एकदा उलटा करा. आत तागाच्या पट्ट्या, सुतळीने बांधलेल्या स्प्रिंगा आणि केस किंवा काथ्या दिसला, तर चिकटवलेल्या बटणांच्या नादी लागू नका. मिस्त्रींचा नंबर मी देईन. आमचा सोफा बघायचा असेल तर खुशाल या, फक्त चादर उचलण्याआधी आईला विचारा.