दादरमार्गे डोंगर

आमच्या मुलुंडच्या बाल्कनीतून जो डोंगर दिसतो, त्यावर माझा गेली पंधरा वर्षं डोळा आहे. नुसता डोळाच, कारण पाय ठेवायचा तर आधी दादरला जावं लागतं. डोंगराच्या या अंगाला आम्ही, त्या अंगाला बोरिवली आणि मधे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं शंभरावर चौरस किलोमीटरचं रान. बिबट्याला हा प्रवास रातोरात आणि फुकट करता येतो. माणसाने सेंट्रलने दादरला उतरायचं, पूल चढायचा, वेस्टर्न पकडायची आणि तासा-दीड तासाने स्वतःच्याच घरामागे पोचायचं. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे याच डोंगराच्या पोटातून निघायचे आहेत; पण आमची सहल तेवढं थांबायला तयार नव्हती.

रविवारी मेगाब्लॉक, सोमवारी उद्यान बंद, म्हणून चौथा शनिवार ठरला. मी बँकेत असल्याने चौथ्या शनिवारचं महत्त्व मला सांगायला नको. अंदाजपत्रकही मीच मांडलं: माणसं पाच, रुपये हजार. बाहेरचं खाणं बंद. त्यासाठी एक छोटी वहीही घेतली. तिची किंमत पहिल्याच पानावर खर्चात टाकली तेव्हा हिने माझ्याकडे जे पाहिलं, ते वहीत कुठे लिहिता येण्यासारखं नव्हतं.

आईने पहाटे चारला उठून थालीपिठं लावली. शिवाय अळूवड्या, शिवाय दशम्या, शिवाय "लागल्या तर असाव्यात" म्हणून चकल्या. सामानाच्या वजनावरून आम्ही बोरिवलीला निघालोय की बदलीवर, ते दादरच्या पुलावर कोणालाही कळलं नसतं.

उद्यानाच्या मुख्य दरवाजापासून कान्हेरी लेणी सहा-सात किलोमीटर. आई आणि ही आतल्या बसने गेल्या. मी आणि पोरं पायी, कारण पायी चालण्याला तिकीट नाही. रस्ता सुरेख होता. सागाची सुपाएवढी पानं वाळून रस्त्यावर पडली होती आणि प्रत्येक पावलाला पापड मोडल्यासारखा आवाज येत होता. कडेने दहिसर नदी. हीच नदी पुढे वस्तीत शिरल्यावर कशी दिसते ते आपण लोकलमधून पाहतोच. इथे मात्र ती लग्नाआधीच्या फोटोसारखी दिसत होती. मुलीने उतारावरची कारवी दाखवली. ही आठ वर्षांतून एकदाच फुलते, असं मी सांगितलं. "म्हणजे आईच्या पैठणीसारखी," मुलगी म्हणाली. मी विषय बदलून बिबट्यावर नेला. धाकट्याने लगेच विचारलं, "बाबा, बिबट्या आला तर आधी कोणाला खाईल?" जाडीचा निकष लावला तर उत्तर उघड होतं. पुढचे दोन किलोमीटर मी त्या दोघांच्या मधून चाललो.

लेण्यांपाशी पुन्हा वेगळं तिकीट निघालं. माझ्या वहीत ही रक्कम धरलेलीच नव्हती. पण पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असल्याचं कळलं आणि मी पोरांकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की दोघंही घाबरली.

मुलीचा शाळेचा प्रकल्प कान्हेरीवर होता, म्हणजे वाटाड्याही फुकट. शंभराहून जास्त लेणी, काळ्या बेसॉल्टमध्ये, हजारएक वर्षं चाललेलं काम. म्हणून हा कृष्णगिरी, म्हणून कान्हेरी. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात काही खांब घट-हत्तींसह नीट कोरलेले आणि काही नुसतेच अष्टकोनी ठेवलेले. ही दोन मिनिटं पाहत राहिली. "आपल्या स्वयंपाकघरासारखंच. ओट्यापर्यंत फरशा आणि पुढे कंत्राटदार गायब."

आईला चैत्यापेक्षा पाण्याने जिंकलं. जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी खडकात खोदलेलं टाकं, आणि डोंगरावरचं पावसाचं पाणी त्यात आणून सोडणारे पाट. शिलालेखांत या टाक्याला पोढी म्हटलंय. "टँकर मागवायला नको," आई म्हणाली. आमच्या सोसायटीच्या सभेत इतकं शहाणपणाचं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

"आणि आजी, या पोढ्या लोकांनी दान दिल्यात," मुलीने कागद काढला. "एक कल्याणचा सोनार स्वामिदत्त याची. एक सोपाऱ्याचा मणिकार नागपालित याची."

"कल्याण सेंट्रल आणि नालासोपारा वेस्टर्न," धाकटा म्हणाला. "हे दोघं दादरला भेटायचे?"

पण मला खरा धक्का पुढेच बसला. दात्यांनी भिक्षूंच्या वस्त्रांसाठी 'अक्षयनीवी' ठेवल्याचे लेख इथे आहेत. मुद्दल कायम, खर्च फक्त व्याजातून. म्हणजे ही मुदत ठेवच की हो! दोन हजार वर्षांपूर्वीची, तीही दगडात कोरलेली. कोणी म्हणणार नाही, साहेब, पावती हरवली. मी त्या भिंतीला नमस्कार केला. माझी वही पहिल्यांदाच मला पोरकट वाटली नाही.

नव्वदाव्या लेण्यात तर पहलवी लिपीत काही पारशी पाहुण्यांनी आपापली आणि वडिलांची नावं कोरून ठेवलीत: सन १००९ आणि १०२१. शेजारच्या बदामातल्या पिंकीवर मी एवढा वेळ चिडत होतो. अजून हजार वर्षं गेली की तिलाही क्रमांक मिळेल.

डबे उघडले आणि माकडं आली. एक दांडगा हुप्प्या सरळ आईच्या मांडीवरून अळूवड्यांचा डबा घेऊन वरच्या लेण्याच्या ओट्यावर जाऊन बसला. त्याने झाकण माझ्यापेक्षा लवकर उघडलं. मी चप्पल उगारली तर आई म्हणाली, "असू दे रे. आपण त्याच्या घरी आलोय." मग थोडं थांबून, "चिंच जरा कमीच पडलीय, तोंड बघ त्याचं."

परतीच्या गाडीत अंधेरीला कशीबशी बसायला जागा मिळाली. वही काढून मी हिशेब जुळवू लागलो. बस, दोन्ही तिकिटं, फाटकापाशी आदिवासी बाईकडून घेतलेली काकडी. सगळं बसलं. डब्यासकट गेलेल्या अळूवड्या कुठल्या खात्यात टाकायच्या, ते मात्र सुचेना. मुलीने वही ओढून घेतली आणि पान भरून कोरल्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'सिद्धम्. मुलुंडच्या आजीने कान्हेरीच्या वानरसंघाला बारा अळूवड्या आणि एक स्टीलचा डबा दान दिला.'

आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"अकरा कर," ती म्हणाली. "एक मी आधीच खाल्ली होती."