नानांची विभागीय चौकशी

सकाळी पावणेसहाला दाराची बेल वाजली की आमच्या घरात आता कुणी दचकत नाही. बायको कूस बदलते आणि झोपेतच म्हणते, "जा. मासा मेला."

दारात नाना उभे असतात. बाह्यांचा बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि काखेत दोनशे पानी रजिस्टर. "पंच क्रमांक एक," ते म्हणतात, "चल." पंच क्रमांक दोन म्हणजे तळमजल्यावरचे, पोस्टातून निवृत्त झालेले काका. ते आधीच येऊन नानांच्या सोफ्यावर पेंगत असतात. मग आम्हा दोघांसमक्ष मृतदेह जाळीने बाहेर काढला जातो, कंपासपेटीतल्या पट्टीने मोजला जातो (शेपटीसह आणि शेपटीविना), अंगावरच्या खुणा टिपल्या जातात, नानांच्या सौ., म्हणजे काकू, चहा आणतात आणि आम्ही सह्या करतो. दीड वर्षात मी अकरा माशांच्या पंचनाम्यांवर सही केली आहे. त्यातल्या एकालाही मी जिवंतपणी नीट पाहिलेलं नव्हतं, पण हे लिहून घ्यायला नाना तयार नसतात.

नाना एका सरकारी खात्यात तेहतीस वर्षं होते. शेवटची चौदा वर्षं त्यांनी विभागीय चौकशी अधिकारी म्हणून काढली आणि त्यानंतर त्यांचं दुसऱ्या कशात मन रमलं नाही. 'आपोआप' या शब्दाची त्यांना चीड आहे. दूध आपोआप नासत नाही, लिफ्ट आपोआप अडकत नाही, छत्री आपोआप हरवत नाही. "आपोआप हा शब्द मी फक्त दोषी माणसाच्या तोंडून ऐकलाय," असं ते म्हणतात. त्यांच्याकडे दूध नासलं की पातेलं धुवायच्या आधी जबाब होतात. काकूंनी हे सगळं पस्तीस वर्षं सोसलं आहे, आणि कसं सोसलं हे विचारलं तर त्या म्हणतात, "मी पहिल्याच प्रश्नाला कबूल होते. वेळ वाचतो."

अशा माणसाने निवृत्तीनंतर खाऱ्या पाण्याचा टँक घ्यावा, हा योगच म्हणायचा. गोड्या पाण्यातला गप्पी मासा गटारातही संसार करतो, त्यात चौकशीला वाव नाही. समुद्री मासे मात्र फार मानी. नानांनी लहानपणी चर्नी रोडला उतरून तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. ते 1951 साली सुरू झालेलं, आणि काचेपलीकडच्या त्या रंगीत माशांचं वेड नानांच्या डोक्यात तेव्हापासून होतं. फंडाचे पैसे हातात आले, आणि प्रभादेवीच्या दोन खोल्यांत दोनशे लिटरचा समुद्र आला. आमच्या गच्चीवरून खरा समुद्र दिसतो. नाना मात्र क्रॉफर्ड मार्केटातून बादलीबंद मीठ आणतात आणि ते लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने, म्हणजे एका भरणीला सात किलो, तागडीवर तोलून पाण्यात विरघळवतात. किनाऱ्याचं पाणी का नाही, असं मी एकदा विचारलं. "त्यात काय काय येतं याची जबाबदारी कोण घेणार?" हे उत्तर ऐकून मी टँकमधल्या वाळूकडे पाहिलं आणि गप्प बसलो.

पहिले तीन मासे चार दिवसांत गेले. टँक भरल्यावर तिसऱ्याच दिवशी ते पाण्यात सोडले होते. नानांचा पहिला संशय दुकानदारावर, दुसरा वॉचमनवर. दुकानातला पोऱ्या शांतपणे म्हणाला, "नाना, टँक सायकल झाला नव्हता." माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंचसं निरुपद्रवी. या बॅक्टेरियांची वस्ती दगडांवर आणि वाळूत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. मला हे दोनदा ऐकूनही कळलं नाही. नानांना अर्ध्या वाक्यात कळलं. "म्हणजे नवीन कार्यालय. टेबलं मांडली आहेत, कर्मचारी रुजू झालेले नाहीत, आणि जनता आत सोडलीय. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणार कशी?" त्या दिवशी ते फार खूश होते. तीन मासे मेल्याचं दुःख होतंच, पण समुद्रसुद्धा आपल्याच पद्धतीने चालतो हे कळल्याचा आनंद मोठा होता.

मग तपासणीचे संच आले. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि आलेला रंग कार्डावरच्या रंगांशी ताडून पाहायचा. पिवळा म्हणजे अमोनिया शून्य, हिरवट होत गेला की धोका वाढला. इथे चौकशी अडली. नानांना पिवळा, हिरवा आणि "इतर" एवढेच रंग ठाऊक. शेवटी काकूंना तज्ज्ञ साक्षीदार म्हणून बोलावण्यात आलं. त्यांनी नळी खिडकीशी धरली आणि म्हणाल्या, "हा पोपटी नाही हो. पिस्त्याकडे झुकतोय. माझ्या भाच्याच्या मुंजीतल्या साडीचा होता तसा." तेव्हापासून रजिस्टरात अमोनियाच्या रकान्यात 'पिस्ता', 'कच्चा आंबा', 'लिंबू' अशा नोंदी आहेत, आणि त्या संचाच्या आकड्यांपेक्षा अचूक निघाल्या आहेत.

रजिस्टराबद्दल आणखी एक सांगितलं पाहिजे. त्यात 'लिंग' असा रकाना आहे. सोसायटीतली पोरं ज्याला निमो म्हणतात तो क्लाऊनफिश जन्मतो तो नर म्हणूनच. जोडीतला थोराड मासा मादी होतो, आणि ती मेली की मागे राहिलेला नर तिच्या जागी मादी होतो. ही माहिती मिळाली तेव्हा नाना दोन दिवस अस्वस्थ होते. "सेवापुस्तकात नोंद एकदा झाली की झाली," ते म्हणत होते. अखेर त्यांनी तोडगा काढला. निमो दुसरा याच्यापुढे लिहिलं आहे: 'नर (पदोन्नतीस पात्र)'.

पुढच्या दोन माशांच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले आणि आठवड्याभरात ते मासे गेले. हा परजीवीचा रोग नव्या माशाबरोबर आला होता. नवा मासा आधी महिनाभर वेगळ्या टँकमध्ये ठेवून पाहायचा असतो. "वैद्यकीय तपासणीशिवाय रुजू करून घेतलं," असा शेरा नानांनी मारला. रुजू करून घेणारा कोण, हे मात्र तिथे लिहिलेलं नाही.

मधल्या काळात त्यांना परकीय हाताचा संशय होता. फिलिपाइन्स आणि इंडोनेशियाकडे प्रवाळांत लपलेले मासे गुंगवून पकडायला सायनाइड फवारत आलेत, आणि असे मासे वरून धडधाकट दिसले तरी काही दिवसांनी मरतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. पंधरा दिवस ते 'सायनाइड' हा शब्द जिन्यात हळू आवाजात उच्चारत होते. दुकानातल्या पोऱ्याने सांगितलं की तुमचे क्लाऊनफिश समुद्रातून पकडलेलेच नाहीत, टाकीत जन्मलेले आहेत, आपल्याकडे तमिळनाडूत मंडपमला शास्त्रज्ञांनी त्यांची पैदास करून दाखवलीय. नानांनी फाइल बंद केली, पण फार जिवावर येऊन.

सर्वांत गाजलं ते बेपत्ता प्रकरण. पांढऱ्या धडाचा, लालभडक शेपटीचा एक फायरफिश रात्री होता आणि सकाळी नव्हता. प्रेत नाही, म्हणून पंचनामा नाही. दुसऱ्या मजल्यावरचं मांजर, पेपरवाला आणि मी, अशा तिघांचे जबाब झाले. महिन्याभराने कामाच्या बाईंनी टँकच्या कपाटामागून झाडू फिरवला आणि एक वस्तू शेपटीला धरून बाहेर काढली. "नाना," त्या म्हणाल्या, "हा तर सुकवलाय. कुणी?" हा मासा घाबरला की पाण्याबाहेर झेपावतो, आणि टँकला झाकण नव्हतं. नानांनी दुसऱ्या दिवशी जाळीचं झाकण करून घेतलं. बाईंनी त्या दिवशी काम लवकर आटोपलं आणि खाली जाऊन पोट धरून हसल्या, हे मी पाहिलं आहे.

मग उन्हाळा आला. पाणी तापू नये म्हणून नानांनी टँकवर टेबलफॅन लावला. पाणी रोज दोनेक लिटर उडू लागलं आणि नाना रोज तेवढंच पाणी भरू लागले, अर्थात मोजून मीठ घातलेलं. महिन्याभरात पाण्याची विशिष्ट घनता 1.025 वरून 1.034 वर गेली. दोन मासे तळाशी बसले ते उठलेच नाहीत. नानांनी मिठाची बादली, तागडी, मोजमापाचं उपकरण या सगळ्यांची उलटतपासणी केली. दुसऱ्या रात्री जेवताना काकू आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "आज जरा खारट झालीय. आटली ना." नानांचा घास हातात राहिला. काकूंना एवढंच कळेना की यात एवढं उठून टँकपाशी धावण्यासारखं काय होतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून उडालेल्या जागी बिनमिठाचंच पाणी भरायचं. रजिस्टरात त्या नोंदीसमोर 'साक्षीदार क्रमांक सात: सौ.' असं लिहिलेलं आहे.

आता शेवटचं प्रकरण.

ऑगस्टमध्ये एकाच रात्री तीन मासे गेले. अमोनिया 'लिंबू', मीठ बरोबर, झाकण जागेवर, ठिपके नाहीत. मरण्यापूर्वी ते गिरक्या घेत होते, झटके देत होते, पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करत होते. हे नानांनी स्वतः पाहिलं होतं, कारण ते रात्रभर जागे होते. त्याच्या आदल्या दिवशी मासे जरा मलूल वाटले म्हणून त्यांनी रात्रीचा पहारा बसवला होता. टँकसमोर खुर्ची, मांडीवर रजिस्टर, दिवे बंद. सकाळी त्यांनी मला सांगितलं, "अरे, माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि आरोपी दिसला नाही."

आठवडाभर तपास चालला. मग दुकानातला पोऱ्या पाण्याचे कॅन घेऊन आला, वाकून टँकखाली पाहिलं आणि तसाच उकिडवा बसून राहिला. "नाना, हे इथे कुणी लावलं?"

विजेच्या एकाच पट्टीवर दोन वस्तू होत्या. एक हवेचा पंप, आणि त्याच्या शेजारी डास मारायचं द्रव्याचं यंत्र. पहाऱ्यावर बसलेल्या नानांना डास फोडून काढत होते. डेंग्यूचे दिवस, म्हणून त्यांनी खिडक्या लावल्या, यंत्र सुरू केलं आणि पायांशी खाली ठेवलं. त्यातलं औषध शेवंतीच्या कुळातल्या फुलांच्या विषावरून बनवलेलं असतं. माणसाचं शरीर ते चटकन मोडून टाकतं, माशाला ते जमत नाही, अगदी थोडंसुद्धा त्याला पुरतं. पंप खालची हवा ओढत होता आणि रात्रभर बुडबुड्यांनी पाण्यात सोडत होता. नाना समोर बसून मिनिटामिनिटाची नोंद करत होते.

मला वाटलं, आता नाना 'आपोआप' म्हणतील. मी चुकलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या नावे कारणे दाखवा नोटीस काढली, आवक-जावक क्रमांक घालून, आणि आम्हा दोघा पंचांसमोर ती स्वतःच स्वीकारून पोच दिली. पंधराव्या दिवशी खुलासा सादर केला. सोळाव्या दिवशी शेरा आला: 'खुलासा समाधानकारक नाही.' मग जुनी पानं उलटून रुजू करून घेणारा, झाकण न लावणारा आणि मीठ घालणारा यांची नावंही रिकाम्या जागी भरण्यात आली. चारही ठिकाणी एकच नाव, ठळक अक्षरांत. मी त्यांच्या खात्यातल्या लोकांकडून ऐकलं होतं की नाना फार कडक. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

शिक्षा काय द्यावी, हा प्रश्न पोऱ्यानेच सोडवला. पाणी बदला, कोळसा घाला, आणि तो ठिपक्यांचा परजीवी माशाविना उपाशी मरावा म्हणून टँक 76 दिवस रिकामा ठेवा. नानांनी ते 'निलंबन, 76 दिवस, नवीन मासा खरेदीस बंदी' असं उतरवून घेतलं. यंत्र काकूंच्या खोलीत गेलं आहे. नाना रोज रिकाम्या पाण्याची तपासणी करतात, काकू रंग सांगतात.

निलंबन येत्या रविवारी संपतं. सोमवारी निमो चौथा वेगळ्या टँकमध्ये रुजू होणार आहे, आणि त्याच्या प्रकृतीची नोंद दोन पंचांसमक्ष करायची आहे. पंच क्रमांक दोन मुलीकडे नागपूरला गेलेत, दिवाळीनंतर येतील. प्रभादेवीत राहणारं, पहाटे पावणेसहाला उठणारं आणि सही वाचता येईल अशी करणारं कुणी असेल तर कळवावं. चहा काकू देतात.