नसरापूर फाट्यापलीकडचा परदेश

पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूर फाट्याला गाडी उजवीकडे वळली, की आमच्या ट्रेकर साहेबांचा परदेश सुरू होतो. व्हिसा लागत नाही, पण चेहरा इमिग्रेशनच्या रांगेतला. मार्गासनी, साखर मागं टाकून राजगडाच्या पायथ्याचं गुंजवणे येईपर्यंत त्यांच्या तोंडून मराठीचा एक शब्द बाहेर पडलेला नसतो. साहेब मँचेस्टरचे नव्हेत. जन्म कोथरूडचा. आजी अजूनही नातवाशी मराठीतच भांडते. नातू ‘ओके आजी’ म्हणून विषय संपवतो.

हा गृहस्थ भाषेला भितो असं मात्र कुणी समजू नये. लिस्बनला जाताना ‘ओब्रिगादो’ विमानातच घोटून झालं होतं. जपानात दुकानदारापुढं इतका वाकला, की दुकानदाराला आणखी वाकावं लागलं. पॅरिसात आधी ‘बाँजूर’ म्हणायचं आणि मगच इंग्रजी काढायची, हे तो ऑफिसात येईल त्याला ऐकवतो. घरापासून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या गावाची तयारी म्हणजे सनस्क्रीन, पॉवरबँक आणि प्रोटीन बार.

गुंजवण्यात उतरल्यावर पहिला प्रयोग हिंदीचा. ‘मावशी, चाय मिलेगा?’ मावशीही पाहुण्याचा मान राखतात. ‘मिलेगा ना, बसा की!’ मग दोन मराठी माणसं, समोरच्याची सोय म्हणून, नाश्त्याचा साधा व्यवहार चांगला अवघड करून घेतात.

हिंदी संपली की इंग्रजी. कळलं नसावं अशी शंका आली की तीच इंग्रजी, पण मोठ्यानं. ‘ब्लॅक टी. नो शुगर. नो! शुगर!’ तोवर मावशींनी कोरा, बिनसाखरेचा चहा पुढ्यात ठेवलेला असतो. शनिवार-रविवारी ट्रेकरांच्या गाड्या लागणाऱ्या गावात ‘पार्किंग’, ‘टेन्ट’, ‘चार्जिंग’ हे शब्द शेंबड्या पोरालाही येतात. साहेबांना मात्र वाटतं, आपला उच्चार स्वच्छ म्हणून जमलं.

शेवटचं अस्त्र मोबाइल. ‘कृपया मला जवळच्या शौचालयाकडे मार्गदर्शित करा,’ असं ते यंत्र सरकारी परिपत्रकासारखं बोलतं आणि मावशी पहिल्यांदाच गोंधळतात. साहेब कळवळून हातवारे करतात तेव्हा उलगडा होतो. ‘टॉयलेट व्हय? मग तसं म्हणा की. घरामागं हाय.’

खऱ्या इंग्रजांना निदान आपली अडचण ठाऊक होती. १६७४ साली हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आला, तो नारायण शेणवी हा दुभाष्या बरोबर घेऊनच. मोल्सवर्थसाहेबांनी तर १८३१ साली मराठीचा जाडजूड कोशच छापला. आमच्या साहेबांचा दुभाष्या म्हणजे आजी, आणि ती गुडघ्यांमुळं घरी.

वाट विचारतानाची गोष्ट तर ऐकण्यासारखी. मावशींचा मुलगा नीट सांगतो, ‘चोर दरवाजानं चढा, तिथनंच उतरा. पाली दरवाजाची वाट सोपी, पण ती पलीकडं पालीला जाते. गाडी तुमची हितं राहील.’ साहेब ‘येस, येस’ करत मान डोलावतात. ज्याला एवढी मान डोलावता येते त्याला समजलं असणार, असं धरून पोरगा निघून जातो. साहेब चोर दरवाजाच्या खड्या चढणीवर रेलिंग धरत, धापा टाकत पद्मावती माचीवर पोचतात, मडक्यातलं दही खातात, फोटो काढतात आणि रुंद पायऱ्यांचा मोह पडून पाली दरवाजानं उतरतात. मग जीपवाल्याला पैसे मोजून मोठा वळसा. त्या जीपवाल्याशी भाव करताना ‘दादा, कायतरी कमी करा ना’ हे अस्सल मराठी त्यांना आपसूक सुचतं, ही नोंद करायलाच हवी.

संध्याकाळी पिठलं-भाकरीवर जीव जागेवर येतो आणि साहेब मावशींचं प्रबोधन करायला घेतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात राजगड आहे. ‘युनेस्को, मावशी! वर्ल्ड हेरिटेज! व्हेरी बिग थिंग!’ मावशी ठेचा वाढता वाढता ऐकून घेतात. राजगड मोठा आहे, ही बातमी त्यांना नवी नसते.

‘मग आता आमचा रस्ता चांगला होईल का?’ त्या विचारतात. ‘तुम्ही मोठ्या हापिसात असता, तुमच्या वळखी असतील. जरा वर सांगा की.’

हा प्रश्न साहेबांना अक्षरन् अक्षर समजतो. ते भाकरीचा तुकडा मोडतात, मावशींकडं बघून गोड हसतात आणि म्हणतात, ‘सॉरी मावशी. मराठी थोडा थोडाच कळतो.’